ऊस-वाहतुकीचा हंगाम व ट्रॅक्टरचालकाची सुरक्षितता

दसरा-दिवाळी उलटली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि पुढील चार-पाच महिने ऊसपट्ट्यातील रस्ते रात्रंदिवस वाहते राहतात. १९५० च्या अखेरीस प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, त्या काळात फडातील ऊस कारखान्यावर नेण्याचे शेतकऱ्याच्या हाती असलेले मुख्य साधन म्हणजे बैलगाडी. बैलगाडी आजही कित्येक ठिकाणी दिसते. परंतु वाहतुकीचा मोठा भार आता ट्रॅक्टर-ट्रॉलीने उचलला आहे. यामुळे काम झपाट्याने उरकते, यात शंका नाही. तथापि या बदलात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. बैल दमला की तो थांबतो, मान खाली घालतो, आणि गाडीवानास त्याला सोडावेच लागते. ट्रॅक्टर दमत नाही. त्यामुळे त्यावर बसलेला माणूस दमला आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

काही हंगामांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावाजवळ घडलेली हकीकत येथे सांगणे अगत्याचे वाटते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर रात्री कारखान्याकडे निघाला होता. वाटेत मागच्या ट्रॉलीचा आस मोडला. चालकाने चाकांना दगड लावले, मालकास निरोप धाडला आणि जागच्या जागी, ट्रॅक्टरच्या बैठकीवरच, त्याला झोप लागली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. पहाटे डेअरीला दूध घालण्यास निघालेला गावातीलच एक तरुण मोटारसायकलीवरून त्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. जीव वाचला, परंतु एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

गावाने सारा दोष चालकाच्या माथी मारला. मी त्याला भेटलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "साहेब, तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. झोपलो असतो तर यार्डातला नंबर गेला असता, आणि नंबर गेला की खेप गेली." मालकाकडे गेलो तर ते म्हणाले, "मी काय करणार? मी तर घरीच होतो."

मालकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मागच्या दिव्याची वायर तुटली आहे हे त्यांना आठ दिवसांपासून माहीत होते. चालकाची मजुरी खेपेवर ठरली होती, आणि ती त्यांनीच ठरविली होती. दुसरा चालक ठेवू नये, हाही निर्णय त्यांचाच होता. म्हणजे अपघात रस्त्यावर घडला खरा; पण त्याची तयारी घराच्या ओट्यावर कितीतरी दिवस आधीपासून चालली होती. प्रस्तुत लेखाचा हेतू हाच आहे. जो दुसऱ्यास वाहन देऊन कामावर धाडतो, मग तो ट्रॅक्टरचा मालक असो, वाहतूक ठेकेदार असो वा संस्था असो, त्याच्या हातात अपघात टाळण्याचे फार मोठे सामर्थ्य असते. ते कसे वापरावे, याचा विचार आपण करू.

झोपेचा हिशेब

फडापासून कारखाना पंधरा किलोमीटर अंतरावर आहे असे समजू. भरल्या ट्रॉलीसह ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जाण्यास एक तास लागेल. रिकाम्या ट्रॉलीसह ताशी वीस किलोमीटर वेगाने परतण्यास पाऊण तास. ऊस भरण्यास तीन तास आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लागून काटा होईपर्यंत व ट्रॉली खाली होईपर्यंत चार तास धरले, तर एका खेपेस पावणेनऊ तास होतात. दिवसातून दोन खेपा केल्या की साडेसतरा तास झाले. उरलेल्या साडेसहा तासांत जेवण, आंघोळ, डिझेल भरणे, पंक्चर काढणे आणि झोप. अशा स्थितीत "आज तिसरी खेपही मारून ये" असे जो मालक म्हणतो, तो सव्वीस तासांचे काम चोवीस तासांत मागत असतो.

कोणी म्हणेल की यार्डात चालक रिकामाच असतो, तेथे तो झोपू शकतो. हे खरे नव्हे. रांग दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकते. झोपलेल्या चालकाच्या पुढे जागा मोकळी झाली की मागचा आपले वाहन तेथे घालतो. म्हणून चालक डोळे मिटतो, पण झोपत नाही. यार्डातील चार तास हे कामाचेच तास समजावेत.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे आढळून आले की, सलग सतरा तास जागा असलेला माणूस हातापायांच्या चपळतेत व अवधानात, रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो. चोवीस तास जागरण झाल्यास हे प्रमाण सुमारे १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. आपल्या मोटार वाहन कायद्याने मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम ठरविली आहे. दारू पिऊन आलेल्या चालकाच्या हाती आपण ट्रॅक्टरची किल्ली देणार नाही. मग दोन खेपा करून आलेल्या, न झोपलेल्या चालकास तिसऱ्या खेपेस धाडणे कितपत योग्य, याचा विचार प्रत्येकाने करावा.

रात्री दोन ते पहाटे पाच-सहा ही वेळ विशेष धोक्याची असते. त्या वेळी शरीर स्वभावतःच झोप मागते. दुपारच्या जेवणानंतरही थोडी तशीच अवस्था येते. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर बावीस मीटर अंतर चालकाविना तोडले जाते. एवढ्या अंतरात साकव, वळण अथवा शाळेस निघालेली मुले असू शकतात. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी मारणे किंवा मोठ्याने गाणी लावणे यांनी झोप टळत नाही. ती थोडी लांबते एवढेच. उलट कर्णकर्कश गाण्यांमुळे मागील वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही. आपला चालक गाण्यांचा आवाज वाढवू लागला, तर तो हौशी आहे असे न समजता त्याला झोप हवी आहे असे समजावे.

मजुरीची बोली कशी असावी

खेपेवर मजुरी ठरविली की घाई ही मजुरीतच मिसळली जाते. चालक वेग वाढवितो, भार वाढवितो आणि झोप कमी करतो. कारण प्रत्येक गोष्टीचे त्याला पैसे मिळतात. त्याला सावकाश जाण्याचा उपदेश करावयाचा आणि पैसे मात्र घाईचे द्यावयाचे, हे परस्परविरोधी आहे. उपदेश आणि पैसा यांत पैशाचेच ऐकले जाते.

याकरिता पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी. चालकास महिन्याचा ठरीव पगार द्यावा. अधिक कामासाठी थोडी वाढ द्यावयाची असल्यास ती दिवसाच्या दोन खेपांपर्यंतच मर्यादित ठेवावी. वाहन रात्रंदिवस चालवावयाचे असेल तर दोन चालक ठेवावेत आणि त्यांच्या पाळ्या नेमून द्याव्यात. ज्यांना दुसरा चालक परवडत नाही, त्यांनी शेजारच्या दोन ट्रॅक्टरमालकांना बरोबर घेऊन तिघांत मिळून एक बदली चालक ठेवावा. तो आळीपाळीने प्रत्येकास विश्रांती देईल. यार्डातील रांगेसाठी ट्रॅक्टर पुढे सरकविणारा परवानाधारक माणूस मिळाला, तरी मुख्य चालकाची चार तास झोप होते.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने अशा कामगारांसाठी दिवसाचे आठ तास व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास काम, आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती असे प्रमाण घालून दिले होते. ते मोठ्या वाहतूक संस्थांसाठी होते हे खरे; परंतु माणसाचे शरीर लहान मालकाकडे वेगळे आणि मोठ्या संस्थेत वेगळे नसते. सलग सात-आठ तासांची झोप मिळेल, अशीच कामाची आखणी करावी.

"एकही अपघात न केल्यास बक्षीस" अशी बोली काही मालक करतात. हेतू चांगला असला तरी तिचा एक तोटा आहे. बक्षीस जाऊ नये म्हणून चालक किरकोळ धक्के व बिघाड लपवितो, आणि मोठ्या अपघाताची पूर्वसूचना आपल्या हातून जाते. त्यापेक्षा वाहनाची निगा उत्तम राखल्याबद्दल आणि बिघाड वेळीच सांगितल्याबद्दल बक्षीस द्यावे.

चालकाची निवड व परवाना

कामावर घेण्यापूर्वी चालकाचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहावा. त्याची मुदत व वाहनाचा वर्ग तपासावा आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. काही शंका असल्यास उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० अन्वये, परवाना नसलेल्यास वाहन चालवू देणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती वाहन दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १९९-अ लागू होते. त्यात पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होणे, अशी तरतूद आहे. "पोरगा शेतात चांगला ट्रॅक्टर हाकतो" हे रस्त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

परवान्याइतकेच चालकाच्या डोळ्यांकडे लक्ष द्यावे. समोरून येणाऱ्या दिव्यांनी ज्याचे डोळे दिपतात, त्यास रात्रीचे काम देऊ नये. हंगामाच्या प्रारंभी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेत्रतपासणी करून घ्यावी. नव्या चालकास पहिले दोन-तीन दिवस अनुभवी चालकाच्या मागोमाग, दिवसाउजेडी आणि एकच ट्रॉली जोडून रस्ता दाखवावा.

विम्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. ट्रॅक्टरचा विमा केवळ शेतीकामासाठी उतरविला असेल आणि वाहन भाड्याने ऊस ओढत असेल, तर भरपाईच्या वेळी तंटा उद्भवतो. म्हणून वाहनाचा खरा उपयोग विमा कंपनीस आधीच लेखी कळवावा. चालकाकडे योग्य परवाना नसल्यास, जखमी इसमास दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. अशा वेळी कष्टाने मिळविलेली जमीन विकण्याची पाळी कुटुंबावर येते.

ट्रॅक्टर व ट्रॉलीची तपासणी

साधारण पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते. त्याच्या मागे दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस भरलेला आपण पाहतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुधा नसतो. म्हणजे दोन टनांच्या वाहनाचा ब्रेक आठ-दहा पट भाराला आवरण्यास लावलेला असतो. उतारावर एकाएकी ब्रेक दाबला की मागचा भार ट्रॅक्टरला ढकलतो, ट्रॉली आडवी येते आणि ट्रॅक्टर उलटतो. ही गोष्ट चालकास नीट समजावून सांगावी. त्याचप्रमाणे पुढील बाबी रोज काम सुरू होण्यापूर्वी पाहाव्यात :

(१) ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेकचे पायटे रस्त्यावर नेण्यापूर्वी एकमेकांस खिट्टीने जोडलेले असावेत. शेतात वळण घेण्यासाठी ते सुटे ठेवतात. ते तसेच सुटे राहिल्यास ब्रेक एकाच चाकास लागतो आणि वाहन गर्रकन फिरते.

(२) ट्रॅक्टर व ट्रॉली जोडणारी पिन झिजलेली नसावी. ती वर उडू नये म्हणून खालून खिळ घालावी. शिवाय एक जाड साखळी जोडून ठेवावी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली सुटणार नाही. पिनऐवजी पहार किंवा लोखंडी गज कदापि वापरू नये.

(३) मागे भार जास्त झाला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात व सुकाणू ऐकत नाही. पुढे उत्पादकाने सांगितलेली वजने बसवावीत. तरीही चाके उचलत असतील, तर भार कमी करणे हाच एक उपाय.

(४) टायर, चाकांचे नट, आस व पाटे पाहावेत. फाटलेल्या टायरवर "एवढी खेप होऊन जाऊ दे" असे म्हणू नये.

(५) पुढील दोन्ही दिवे, मागील तांबडा दिवा व वळणाचे दिवे चालू असावेत. ट्रॉलीच्या मागे तांबड्या, पुढे पांढऱ्या व दोन्ही बाजूंस पिवळ्या रंगाच्या चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. धूळ व चिखल बसला की त्या चकाकत नाहीत. म्हणून रोज फडक्याने पुसाव्यात.

ऊस भरताना

उसाच्या मोळ्या हौदाच्या मागे व बाजूस बाहेर येऊ देऊ नयेत. बाहेर आलेल्या उसाने मागचा दिवा व पट्ट्या झाकल्या जातात. मग दिवा असून नसल्यासारखाच. उसाच्या मागील बाजूवर चकाकत्या पट्ट्या शिवलेले तांबडे कापड बांधण्याची पद्धत चांगली आहे. ते कापड प्रत्येक ट्रॉलीबरोबर असावे. मोळ्या दोराने आवळून बांधाव्यात, नाहीतर वाटेत सांडलेल्या उसावरून दुचाकी घसरतात. उंची एवढीच ठेवावी की गावातील विजेच्या तारांना ऊस लागणार नाही. वजन एका बाजूस जास्त झाल्यास वळणावर ट्रॉली कलंडते, सबब मोळ्या दोन्ही बाजूंस सारख्या रचाव्यात.

मर्यादेबाहेर भार भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. परंतु दंडापेक्षाही मोठी गोष्ट अशी की, जादा भाराचा मोडलेला आस हाच रात्री रस्त्यावर ट्रॉली उभी राहण्याचे कारण होतो.

वाटेत व वाहन बंद पडल्यास

भरलेले वाहन ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वर नेऊ नये. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. डिझेल वाचविण्यासाठी गिअर सोडून उतारावर वाहन वाहू देणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. डाव्या बाजूने चालावे. एकामागोमाग जाणाऱ्या दोन ट्रॅक्टरांनी मध्ये इतके अंतर ठेवावे की मागून आलेल्या वाहनास पुढे जाऊन मध्ये शिरता येईल.

वाहन बंद पडल्यास ते शक्य तितके रस्त्याच्या खाली घ्यावे. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे सतरा मीटर अंतर तोडते. तिच्या मंद दिव्यात काळोखातील ट्रॉली तीस मीटरवर दिसली, तर स्वाराच्या हाती दोन सेकंदही उरत नाहीत. तेवढ्यात त्याला धोका ओळखून ब्रेकही लावावयाचा असतो. म्हणून चकाकणारा त्रिकोण वाहनाजवळ न ठेवता मागे किमान पन्नास पावलांवर ठेवावा. जवळ वळण असल्यास वळणाच्याही पलीकडे ठेवावा. मागील दिवा चालू ठेवावा. एका माणसाने विजेरी घेऊन रस्त्याच्या कडेला, सुरक्षित अंतरावर, उभे राहावे. झाडाच्या फांद्या रात्री दिसत नाहीत; त्यांवर विसंबू नये.

येथे एक बाब मुद्दाम सांगावयाची आहे. चाकांना लावलेले दगड, वाहन हलविल्यानंतर, रस्त्यावर तसेच टाकून जाण्याची वाईट सवय सर्वत्र दिसते. त्या दगडावर दुसऱ्या दिवशी कोणाची तरी सायकल आपटते. ट्रॉलीत दोन लाकडी ठोकळे दोरीने बांधून ठेवावेत. दोरी बांधलेला ठोकळा वाहनाबरोबरच जातो, विसरला जात नाही.

माणसांची ने-आण

ट्रॅक्टरवर बसण्याची जागा एकाच माणसाची आहे. चाकावरील पत्र्यावर, जोडदांड्यावर किंवा उसाच्या भाऱ्यावर कोणासही बसवू नये. तेथून पडलेला माणूस ट्रॉलीच्या चाकाखालीच जातो, आणि विमा त्याच्या कुटुंबास मिळेल याचाही भरवसा नसतो. हंगामाच्या प्रारंभी व शेवटी ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे, पोराबाळांसह, ट्रॉलीत बसवून शेकडो किलोमीटर नेली जातात. सामान ट्रॉलीत जाऊ द्यावे, माणसांसाठी एस. टी. किंवा दुसऱ्या प्रवासी वाहनाची सोय मुकादमाने व वाहतूकदाराने करावी. जी माणसे आपला ऊस तोडण्यास घरदार सोडून येतात, ती सुखरूप येतील व सुखरूप परततील हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

खेपवही

प्रत्येक मालकाने एक साधी वही ठेवावी. तिच्या पानावर पाच रकाने आखावेत : तारीख, कामास सुरुवात व शेवट, झोपेचे तास, सांगितलेला बिघाड आणि बिघाड दुरुस्त केल्याची तारीख. रोज संध्याकाळी ती भरण्यास पाच मिनिटे पुरतात. झोपेच्या रकान्यात सहापेक्षा कमी आकडा दिसला की त्या रात्री खेप नाही, असा नियम मालकाने स्वतःवर घालून घ्यावा. शेवटचे दोन रकाने मालकासाठी आहेत. सांगितलेल्या बिघाडापुढील जागा आठ दिवस कोरी दिसली, तर चूक कोणाची हे विचारावे लागत नाही.

आठवड्यातून एकदा चालकाजवळ बसून विचारावे, "या आठवड्यात कोठे थोडक्यात निभावले?" प्रश्न रागाने विचारू नये, नाहीतर उत्तर मिळणार नाही. कोणते वळण, कोणता साकव, कोणत्या वेळी कुत्री किंवा मुले आडवी येतात, ही माहिती चालकापाशीच असते. ती मिळाली की वाट बदलता येते किंवा वेळ बदलता येते.

अपघात घडल्यास

इंजिन बंद करावे, मागील वाहनांस सावध करावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका व ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मागवावी. कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे, जमावाच्या क्षोभामुळे अशक्य झाले नसेल तर, जखमी इसमास वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. पोलिस जागेवर नसल्यास चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात वर्दी द्यावी. चालकाने पळून जावे असे मालकाने कधीही सुचवू नये. मदत करणाऱ्या वाटसरूंनीही भिण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४-अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गाळप सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस, एखाद्या संध्याकाळी, गावातील सर्व ट्रॅक्टर व ट्रॉल्या शाळेच्या पटांगणावर बोलवाव्यात. चालक व मालक दोघांसही बोलवावे. एकट्या चालकास उपदेश करून काही साधत नाही. काळोख पडल्यावर सर्वांना पन्नास पावलांवर उभे करून, मोटारसायकलीच्या दिव्यात कोणती ट्रॉली दिसते व कोणती दिसत नाही, हे प्रत्यक्ष दाखवावे. शंभर व्याख्यानांपेक्षा या एका प्रयोगाचा परिणाम अधिक होतो. पट्ट्या व तांबडे कापड तेथेच बसवून घ्यावे. कारखान्याच्या शेतकी विभागास ग्रामसभेमार्फत विनंती करावी की, यार्डात चालकांसाठी झोपण्याची पडवी असावी आणि झोपलेल्या चालकाचा नंबर जाऊ नये म्हणून क्रमांकाचा बिल्ला द्यावा. गावाजवळील धोक्याच्या जागांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र शासनाच्या अहवालात नमूद आहे. एवढा मोठा आकडा पाहून मन बधिर होते आणि आपल्या हातून काय होणार असे वाटते. परंतु या आकड्यातील एकेक माणूस कोणत्या ना कोणत्या गावाचा होता, आणि त्यांतील कित्येकांचा जीव एका दिव्याने किंवा एका रात्रीच्या झोपेने वाचला असता.

प्रारंभी सांगितलेल्या हकीकतीतील मालकांनी पुढील हंगामात दोन गोष्टी केल्या. शेजाऱ्याबरोबर भागीत एक बदली चालक ठेवला आणि खेपांवरील मजुरी बंद करून महिना ठरविला. त्या हंगामात त्यांच्या खेपा काही कमी भरल्या. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "खेपा कमी झाल्या खऱ्या. पण रात्री फोन वाजला की आता छातीत धस्स होत नाही." तो दूध घालणारा तरुण आता घरीच बसून डेअरीचा हिशेब लिहितो. त्याच्या गेलेल्या पायाची भरपाई कोणत्याही हिशेबात बसणारी नाही.

या हंगामाची पहिली मोळी पडण्यापूर्वी प्रत्येक मालकाने आपल्या ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहावे, दिवा लागतो की नाही ते पाहावे, आणि मग चालकास विचारावे, "काल रात्री किती झोपलास?" या दोन गोष्टींनी हंगामाची सुरुवात करावी, अशी सर्व शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंती आहे.